अन्य भाषांवर मंडळीत अभ्यासवर्ग घ्यायचा असेल तर

अन्य भाषांचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या बोलीत बोलण्याचा, विषय निघाला की पहिल्या दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, हे कृपादान (देवाने दिलेली देणगी) येशूच्या प्रेषितांबरोबर संपले. दुसरी म्हणते, ज्याला ते नाही त्याला आत्म्याचा बाप्तिस्माच (पवित्र आत्म्याने भरले जाणे) झालेला नाही. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वाढलेले सासरे आणि पेंटेकॉस्टल, म्हणजे अशा कृपादानांवर भर देणाऱ्या पंथाच्या, घरातून आलेली सून एकाच घरात राहत असतील, तर हा वाद जेवणाच्या ताटापर्यंत पोचतो. तो टाळून भागत नाही, नीट हाताळावा लागतो.

भांडण पेटते ते चार निरनिराळे प्रश्न एकातच कोंबल्यामुळे. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी ते फळ्यावर वेगवेगळे लिहा. हे कृपादान आजही मिळते का? मिळत असेल, तर आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण म्हणून ते प्रत्येकाला मिळायलाच हवे का? ती जगातली एखादी भाषा असते, की फक्त देवाला कळणारी बोली? आणि चारचौघांच्या उपासनेत ती कशी वापरावी? कोणी बोलायला लागला की आधी विचारा, ‘तुम्ही कितव्या प्रश्नावर बोलताय?’ निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणारे बरेच असतात. आपल्याला कोणत्याच तटात जागा नाही असे वाटल्याने ते आजवर गप्प बसलेले असतात.

दीड-दीड तासाच्या तीन बैठका ठेवा. माणसे ८ ते १२ असावीत, त्याहून जास्त झाली की चर्चा उरत नाही, भाषणे होतात. चालवणारा एकच असावा आणि त्याने स्वतःचे मत तिसऱ्या बैठकीपर्यंत सांगू नये.

पहिली बैठक नुसती वाचनाची. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १२ ते १४, ही ८४ वचने मोठ्याने सलग वाचा. साधारण पंधरा मिनिटे लागतात. फक्त १३ वा अध्याय लग्नात ऐकलेला आणि १४ वा कधीच सलग न वाचलेला, अशी माणसे पुष्कळ असतात. मग प्रेषितांची कृत्ये यातले चार प्रसंग घ्या: अध्याय २, ८:१४-१९, १०:४४-४८ आणि १९:१-७. प्रत्येकासाठी कागदावर रकाने आखा: हात ठेवले का, पाण्याचा बाप्तिस्मा आधी की नंतर, अन्य भाषांचा उल्लेख आहे का, ऐकणाऱ्यांना कळले का.

रकाने भरताना खरा अभ्यास होतो. यरुशलेमेत (अध्याय २) ऐकणाऱ्या परदेशस्थांना आपापल्या भाषा कळल्या, अर्थ सांगणारा लागला नाही. कर्नेल्याच्या घरी (अध्याय १०) पेत्राचे बोलणे संपायच्या आत आत्मा उतरला, हात कोणी ठेवले नाहीत, पाण्याचा बाप्तिस्मा नंतर झाला. इफिसात (अध्याय १९) क्रम उलटा: आधी बाप्तिस्मा, मग पौलाने हात ठेवले, मग सुमारे बारा जण अन्य भाषांत बोलले व संदेश देऊ लागले. शोमरोनात (अध्याय ८) हात ठेवल्यावर आत्मा मिळाला, पण अन्य भाषांचा शब्दही नाही. तरीही तिथल्या शिमोन जादूगाराला असे काहीतरी दिसले की ती शक्ती मिळावी म्हणून त्याने पैसे पुढे केले. पेंटेकॉस्टल शिक्षक इथे म्हणतात की जे दिसले ते हेच असणार. इतर म्हणतात, या पुस्तकाचा लेखक लूक याने लिहिले नाही ते आपण घालू नये. दोन्ही म्हणणी रकान्याबाहेर, समासात लिहा.

मार्क १६:१७ (विश्वास ठेवणारे नव्या भाषा बोलतील) कोणीतरी काढणारच. सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत मार्क १६:८ लाच थांबतो, एवढे सांगा आणि फक्त त्या वचनावर कोणाचीच बाजू उभी करू देऊ नका.

दुसरी बैठक पूर्णपणे चौदाव्या अध्यायाला द्या. हाच अध्याय सगळ्या पंथांना एकत्र बसवू शकतो, कारण इथे पौल नियम घालून देतो. दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे. पाळीपाळीने बोलावे. एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावे. आणि शेवटी: मनाईही करू नये, सर्व काही शिस्तीने व्हावे. आपण सर्वांपेक्षा अधिक अन्य भाषा बोलतो असे म्हणणारा पौलच मंडळीत मात्र दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द पसंत करतो (१४:१८-१९). वाद घालणारे बहुधा यातले अर्धेच वचन पाठ करून येतात, म्हणून दोन्ही वचने एकाच माणसाकडून वाचून घ्या.

यात दोन गाठी आहेत. वचन २२ म्हणते अन्य भाषा विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी चिन्ह आहेत. वचन २३ म्हणते बाहेरचा आत आला तर त्याला तुम्ही वेडे वाटाल. पौलाने तिथे यशया २८:११ चा दाखला दिला आहे. तो संदर्भ उघडून वाचला तर तिथे परकी बोली न्यायाची खूण म्हणून येते, आणि गाठ बरीच सैल होते. दुसरी गाठ सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करण्याची. पेंटेकॉस्टल सभांत हे नेहमीचे असते. त्यांचे म्हणणे असे की ही ज्याची त्याची प्रार्थना आहे, दोघा-तिघांचा नियम मंडळीला दिलेल्या संदेशासाठी आहे. इतरांच्या मते वचन २३ नेमके हेच टाळायला सांगते. आमचे मत असे: माईक हातात असलेला माणूस सर्वांना उद्देशूनच बोलत असतो, तेव्हा त्याला अर्थ सांगण्याचा नियम लागतोच.

तिसऱ्या बैठकीत इतिहास. चौथ्या शतकातला नामांकित धर्मोपदेशक ख्रिसोस्तोम करिंथच्या पत्रातल्या या अध्यायांवर बोलताना म्हणतो की या गोष्टी आता घडत नसल्याने मजकूर दुर्बोध झाला आहे. कृपादान थांबले असे मानणाऱ्यांचा हा जुना आधार. १९१८ साली प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ वॉरफिल्ड यांनी ती बाजू तपशिलाने मांडली. त्याआधीच गाडी दुसरीकडे निघाली होती, पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली होती: १९०१ मध्ये अमेरिकेत टोपिका, १९०६ मध्ये लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीट. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाने १९१६ मध्ये अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची प्रारंभिक खूण असे लेखी ठरवले. तेवढ्याच मुद्द्यावर त्यांच्यातले नामांकित प्रचारक बॉसवर्थ १९१८ मध्ये बाहेर पडले, अन्य भाषा मानत असूनही. दुसरा प्रश्न पहिल्यापासून वेगळा का ठेवायचा, ते इथे दिसते. अकोला-अमरावती भागात काम केलेल्या अलायन्स मिशनच्या परंपरेत तिसरी भूमिका रुळली: मागे लागू नये, मनाईही करू नये. कॅथलिकांत १९६७ पासून करिश्मॅटिक (कृपादानांवर भर देणारी) चळवळ सुरू झाली, पण कोणावरही सक्तीची खूण म्हणून नव्हे.

केडगावच्या मुक्ती मिशनला वेळ द्या. पंडिता रमाबाईंच्या तिथे १९०५ मध्ये आध्यात्मिक जागृती सुरू झाली आणि १९०६ च्या अखेरीस मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी त्यांना थांबवले नाही आणि सर्वांना ते दान हवेच असेही म्हटले नाही. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांची पुस्तिका चिलीतल्या हूव्हर या मिशनरी दांपत्याला पोचली आणि १९०९ च्या वाल्पाराइसोतल्या जागृतीला तिची मदत झाली. मराठी मुलखातून चिलीपर्यंत गेलेली ही वाट आपल्याच मंडळ्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिसऱ्या प्रश्नासाठी (जगातली भाषा की देवालाच कळणारी बोली) गार या मिशनरी दांपत्याचे उदाहरण घ्या. अझुसाहून १९०७ च्या सुमारास ते कलकत्त्याला आले ते आपल्याला बंगाली आपोआप बोलता येईल या भरवशावर. तसे झाले नाही, तरी त्यांनी अन्य भाषांवरचा विश्वास सोडला नाही. भाषाशास्त्रज्ञ सॅमारिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की अशा बोलण्यात व्याकरण सापडत नाही आणि ध्वनी बहुधा बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच असतात. याने ‘मानवी भाषा’ हा दावा अडचणीत येतो. ‘देवाशी प्रार्थना’ हा दावा त्यातून सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

काय बिघडते तेही आधीच माहीत असू द्या. कोणी वर्गातच प्रात्यक्षिक सुरू केले, तर ‘अर्थ कोण सांगणार?’ एवढे शांतपणे विचारा. कोणी नसेल तर १४:२८ वाचा आणि पुढे चला. दोन वाक्यांना पहिल्या दिवसापासून बंदी असावी: ‘तुझ्यात आत्मा नाही’ आणि ‘हे सैतानाचे आहे’. सर्वांत मोठे नुकसान होते ते तरुण मुलांचे. त्यांना भोवती घेऊन ‘हालेलुया जोरजोरात, भरभर म्हण’ असे सांगितले जाते, जीभ अडखळली की टाळ्या पडतात. मुलगा घरी जाऊन रात्रभर विचार करतो की आपण खोटे तर बोललो नाही ना. असे कोणी करत असेल तर ते तिथल्या तिथे थांबवा, मग पाहुणा प्रचारक का असेना. त्या मुलाला १२:३ दाखवा: पवित्र आत्म्यावाचून कोणी येशूला प्रभू म्हणू शकत नाही. मग १२:३० दाखवा, जिथे पौल विचारतो, सर्वच अन्य भाषा बोलतात काय?

तीन बैठकांनंतर पहिल्या तीन प्रश्नांवर एकमत होणार नाही, त्यासाठी मतदानही घेऊ नका. चौथ्याचे उत्तर मात्र पाळकांनी अर्ध्या पानात लिहून काढावे: माईकवर कोण बोलेल, अर्थ कोण सांगेल, नसेल तर काय करायचे. ते कमिटीत मंजूर करून घ्या आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वक्त्याला आमंत्रणाबरोबरच पाठवा.