कॅलिफोर्नियात शाळेच्या बाँडवर मत द्यायच्या आधी काय काय बघायचं

बे एरियात घर घेताना आपली मंडळी आधी शाळेचं रेटिंग बघतात आणि मग किंमत. पण नोव्हेंबरच्या निवडणुकीचं बॅलट घरी आलं की वरची मोठी नावं भरून खालचं शाळेच्या बाँडचं मेझर, म्हणजे येस किंवा नो करायचा प्रस्ताव, तसंच कोरं सोडतात. असं करू नका प्लीज. पोरं ज्या वर्गात बसतात त्याचं छप्पर या मेझरवर ठरतं, आणि पुढची कितीतरी वर्षं तुमच्या टॅक्स बिलात येणारा आकडा पण. एका संध्याकाळचं काम आहे.

आधी हे बघा की तुम्हाला मत आहे का. सिटिझन असाल तरच आहे. ग्रीन कार्ड किंवा एच-वनवाल्यांनी रजिस्टरच करायचं नाही, डीएमव्हीत (लायसन्सच्या ऑफिसात) चुकून खूण केली तरी पुढे इमिग्रेशनमध्ये महागात पडू शकतं. सिटिझननी मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत रजिस्टर करायचं, तेही राहिलं तर त्या दिवशी व्होट सेंटरवर जाऊनही होतं. भाड्याने राहत असाल तरी मत आहेच, घर नावावर असायची अट नाही.

आता बाँड म्हणजे काय, तर तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं डिस्ट्रिक्ट कर्ज काढतं आणि ते आपण प्रॉपर्टी टॅक्समधून फेडतो. पैसा जातो छप्पर, वायरिंग, प्लंबिंग, एसी-हीटिंग, नवीन वर्गखोल्या असल्या कामांना. शिक्षकांच्या पगाराला तो वापरता येत नाही, २००० च्या प्रपोझिशन ३९ मध्ये (प्रपोझिशन म्हणजे राज्यभर मत घेऊन केलेला नियम) तशी साफ मनाई आहे. त्यामुळे टीचर्सना पगार वाढवून मिळावा म्हणून येस करणार असाल तर ते मेझर हे नव्हे. याच प्रपोझिशनने बाँड पास व्हायची अट दोन तृतीयांशवरून ५५ टक्क्यांवर आणली, पण बदल्यात दरवर्षी ऑडिट आणि देखरेख समिती सक्तीची केली.

दारात येणारी रंगीत पत्रकं बाजूला ठेवा आणि काउंटीकडून येणारं व्होटर गाइड उघडा, ते ऑनलाइन पण असतं. बॅलटवर मेझर फक्त ७५ शब्दांत असतं, खरा माल गाइडमध्ये. त्यात टॅक्स रेट स्टेटमेंट शोधा. तिथे दर १,००,००० डॉलर असेस्ड व्हॅल्यूमागे किती डॉलर ते लिहिलेलं असतं, आणि असेस्ड व्हॅल्यू म्हणजे झिलोसारख्या घरांच्या साइटवरची किंमत नाही, तुमच्या टॅक्स बिलावर छापलेली. समजा रेट ४५ डॉलर आहे आणि तुमची असेस्ड व्हॅल्यू १५ लाख, तर वर्षाला ६७५ डॉलर. शेजारच्या आजींनी घर खूप आधी घेतलंय, त्यांची व्हॅल्यू ४ लाख, त्यांना १८० च. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे व्हॅल्यू खरेदीच्या किमतीवरून सुरू होते आणि वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, म्हणून नवीन घर घेणाऱ्यांवर जास्त भार येतो. मला हे पटत नाही, पण हिशोब तसाच आहे. आणि हो, हा रेट अंदाज असतो, हमी नाही.

त्याच स्टेटमेंटमध्ये व्याजासकट एकूण फेड किती तेही असतं. हा आकडा अजिबात सोडू नका. सॅन डिएगोजवळच्या पॉवे डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर उचलले आणि फेड जवळजवळ १०० कोटींची झाली, कारण व्याज वर्षानुवर्षं भरायचंच नव्हतं, ते साठत गेलं. त्यानंतर २०१३ च्या कायद्याने असल्या बाँडची फेड मुद्दलाच्या चौपटीवर जाऊ नये असं बंधन घातलं. तरीही बघाच.

मग प्रोजेक्ट लिस्ट. तुमच्या शाळेचं नाव आहे का, का नुसतं "सर्व शाळांची दुरुस्ती"? यादीतलं सगळं होईलच असं नाही, म्हणून बोर्डाच्या मीटिंगला जाऊन पहिलं काम कुठलं आणि राज्याकडून किती पैसे येणार हे विचारा. बोलायला सिटिझन असायची गरज नाही, एच-वनवाले पालकही उभे राहून विचारू शकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन २ पास होऊन राज्याचे १० अब्ज डॉलर मंजूर झालेत, पण सहसा डिस्ट्रिक्टने स्वतःचा हिस्सा घातला तरच त्यातला वाटा मिळतो, आणि तो हिस्सा बहुतेक ठिकाणी बाँडमधूनच येतो.

एवढा खर्च कशाला असं वाटत असेल तर एखाद्या जुन्या पोर्टेबल वर्गात दहा मिनिटं बसून बघा. चालताना जमीन दबते, भिंतीतला एसी सुरू झाला की मागच्या बाकावर काही ऐकू येत नाही, म्हणून बाई तो बंद करून शिकवतात. शाळा बांधायला महाग पडतात त्याचं एक कारण म्हणजे १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर आलेला फील्ड अॅक्ट, सरकारी शाळेचे प्लॅन राज्याकडून तपासूनच घ्यावे लागतात. तो खर्च मला योग्य वाटतो, आपलीच पोरं आत असतात.

हिशोब बसला तर येस करा, नाही बसला तर नो, पण कोरं नको. पाकिटावर सही विसरू नका, ती रेकॉर्डवरच्या सहीशी जुळवतात. पोस्टाने पाठवत असाल तर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा, शेवटच्या दिवशी सरळ ड्रॉप बॉक्समध्ये टाका.

पास झालं तर देखरेख समितीत कमीत कमी ७ जागा असतात, त्यातली एक डिस्ट्रिक्टमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या पालकासाठी आणि एक पीटीएत, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेत, काम करणाऱ्या पालकासाठी. अर्ज मागवल्याची नोटीस डिस्ट्रिक्टच्या साइटवर येते, निकालानंतर लक्ष ठेवा आणि भरून टाका.