कॅटामरानचं शीड: ओढायचं किती, सोडायचं किती

पावसाळ्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पश्चिमेचा वारा येतो तो शालिनी पॅलेस आणि आजूबाजूच्या झाडांवरून. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत तो तुटक आणि गिरक्या घेतच येतो. अशा वाऱ्यात शीड फळीसारखं ताणून ठेवलं की होडी पुढे जाण्याऐवजी आडवी सरकते. म्हणून खालची मापं जराशी सैलच धरली आहेत. समुद्रावरच्या एकसारख्या वाऱ्यात तीच होडी नेली तर सगळं थोडं घट्ट करावं. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. हवा जवळपास पाच टक्के विरळ, त्यामुळे वेग तोच असला तरी शिडावरचा जोर तेवढा कमी.

मापं हॉबी १६ या कॅटामरानसाठी, म्हणजे दोन धडांच्या शिडाच्या होडीसाठी, आहेत: लांबी ५.०४ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन १४५ किलो. हिला सेंटरबोर्ड, म्हणजे आडवं सरकणं थांबवणारी पाण्याखालची उभी फळी, नाही. दोन्ही हल (होडीची धडं) बाहेरून सपाट आणि आतून फुगीर असतात. आडवं सरकणं थांबतं ते या आकारामुळे, पण होडीला वेग असेल तरच. आधी वेग घ्यायचा, मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवायची.

काठावरच बॅटन, म्हणजे शिडाच्या खिशांत घातलेल्या आडव्या पट्ट्या, बघून घ्या. त्यांची दोरी इतकीच ओढायची की बॅटनच्या खिशावरच्या उभ्या सुरकुत्या जातील. जास्त ओढली तर शीड फुगतं. मंद वाऱ्यात त्याहून वाईट म्हणजे टॅक घेतल्यावर (नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवल्यावर) बॅटन दुसऱ्या बाजूला पलटतच नाही, बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) झटका द्यावा लागतो. डोलकाठी फिरली का तेही प्रत्येक टॅकनंतर बघायचं. अर्धवट फिरलेल्या काठीमागे शिडाचा पुढचा हातभर भाग फुकट जातो.

डाऊनहॉल (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) मंद वाऱ्यात, म्हणजे आठ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १५ किमी), इतका सैल ठेवा की काठीजवळ बारीक आडव्या सुरकुत्या दिसतील. वारा वाढला की त्या पुसल्या जाईपर्यंत ओढा. पंधरा नॉटच्या पुढे अंगाचा भार टाकून ओढा: फुगवटा पुढे सरकतो, वरची मागची कड उघडते आणि झोताचा मार वरच्या वर निघून जातो. आऊटहॉल (शिडाची खालची कड मागे ताणणारी दोरी) मंद वाऱ्यात बूमपाशी आठ-दहा सेंटिमीटर पोट राहील इतका, जोरात दोन-तीन.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मेनशीट (मोठ्या शिडाचा दोर) आणि ट्रॅव्हलर (त्या दोराचं खालचं टोक आडवं सरकवणारी गाडी) यांच्यात. मेनशीट शिडाची मागची कड खाली ओढते, म्हणजे वरचं टोक किती उघडं राहणार ते ठरवते. शीड होडीच्या मध्यरेषेपासून किती दूर राहणार ते ट्रॅव्हलर ठरवतो. वाऱ्याच्या तोंडाला जाताना ट्रॅव्हलर मधोमध. अंगाचा भार पुरेनासा झाला तर ट्रॅव्हलर दहा-वीस सेंटिमीटर आडोशाकडे (वारा जातो त्या बाजूला) सोडा. तुटक झोतात मात्र मेनशीट वीतभर सोडून परत ओढणं जलद पडतं. मेनशीटच्या दोन्ही पुल्या एकमेकींना टेकल्या आणि तरीही कड उघडीच राहिली, तर डोलकाठी गरजेपेक्षा मागे झुकलेली आहे. मग दोर ओढत बसण्यात अर्थ नाही, फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, आखूड करायला हवा.

वरच्या बॅटनच्या टोकाला लोकरीचा धागा बांधा. सुती नको, तो भिजला की शिडाला चिकटून बसतो. धागा सरळ मागे उडतोय म्हणजे ठीक. शिडामागे दडतोय म्हणजे मेनशीट जास्त ओढली आहे, अर्धी वीत सोडा. अधूनमधून क्षणभर दडून लगेच बाहेर येत असेल तर शीड नेमकं बसलं आहे.

जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर, पुढच्या कडेपासून २०-२५ सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंना, वर-खाली धागे लावा. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर जिब सैल आहे किंवा नाळ वाऱ्याकडे फार वळली आहे. आडोशाकडचा फडफडला तर उलटं. वाऱ्याकडचा वरचा धागा खालच्याआधी फडफडत असेल तर जिबची पुली पुढे सरकवा. मेनशीट ठीक असूनही डोलकाठीजवळ मोठं शीड उलटं फुगत असेल तर जिब सोडा, दोष तिचा आहे.

टॅक घेताना नाळ वाऱ्यातून जाताजाता मेनशीट अर्धा मीटर सोडायची. ताणलेलं मोठं शीड होडीला पुन्हा वाऱ्याकडे ढकलतं आणि ती तोंड वाऱ्यात अडकवून उभी राहते. नाळ पलीकडे जाईपर्यंत जिब उलटी धरून ठेवा, मग सोडा.

वाऱ्यासोबत जाताना सरळ वाऱ्याच्या दिशेने जाऊ नका. पुढे दोन्ही हलना जोडणाऱ्या ब्रायडल तारेवरची, वारा दाखवणारी फीत होडीला काटकोनात राहील असं वळणं घेत जा. ट्रॅव्हलर बाहेर, डाऊनहॉल सैल. झोत आला की त्याच्यासोबत नाळ वाऱ्यापासून दूर वळवायची. आडोशाकडची नाळ पाण्यात घुसू लागली तर दोघांनीही लगेच मागे सरकायचं आणि दोन्ही शीट (शिडांचे दोर) सोडायच्या. इथे कंजुषी केली की होडी कोलांटी खाते.

सगळं जुळूनही वेग कमीच वाटत असेल तर शिडाला हात लावण्याआधी मागे वळून बघा. सुकाणूला जलपर्णीचा एखादा झुबका लटकलेला असतो. सुकाणू उचला, झटका आणि पुन्हा खाली टाका. पूर्ण खाली बसून अडकलं याची खात्री करा. अर्धवट उचललेलं सुकाणू हाताला जड लागतं, आणि तो भार शिडामुळे आलाय असं समजून माणूस नीट बसवलेलं शीड बिघडवतो.