इळैयराजा जमवायचा असेल तर

तमिळ चित्रपटांचा संगीतकार इळैयराजा याच्या नावावर हजाराहून जास्त चित्रपट आहेत. हा आकडा ऐकला की लोक एकतर कुणीतरी केलेली ‘टॉप फिफ्टी’ लावून मोकळे होतात, नाहीतर सुरुवातच करत नाहीत. तुम्ही दोन्ही करू नका. मी बँकेच्या नोकरीत बदलीवर चेन्नईला होते. तमिळ तेव्हा भाजीबाजारापुरतं यायचं, आजही त्याच्या फार पुढे गेलेलं नाही. तरी माझा इळैयराजाचा संग्रह माझ्या तमिळ सहकाऱ्यांनी उसना नेला आहे, आणि सगळा परत आलेला नाही. तेव्हा भाषा येत नाही ही सबब मी ऐकून घेणार नाही.

सुरुवात ओळखीच्या चालींपासून करा. ‘नीले नीले अंबर पर’ तुम्हाला पाठ असेल. ते 1983 च्या ‘कलाकार’मधलं. त्याच्या आधीच्या वर्षी ‘पयणंगळ मुडिवदिल्लै’ या चित्रपटात एस. पी. बालसुब्रमण्यम त्याच चालीचं ‘इळय निला’ गाऊन गेले होते. दोन्ही एकामागोमाग ऐका आणि आवाजाकडे लक्ष न देता गिटार ऐका. ‘इळय निला’तली गिटार वाजवली आहे आर. चंद्रशेखर यांनी, आणि माझ्या मते गाण्याचा नायक तीच आहे. मग ‘सदमा’मधलं येसुदासचं ‘सुरमई अँखियों में’ आणि त्याचं मूळ, ‘मूंड्रम पिरै’मधलं (1982) ‘कण्णे कलैमाने’. गायक तोच. हे कवी कण्णदासन यांचं शेवटचं चित्रपटगीत. पुढे ‘चीनी कम’चं शीर्षकगीत आणि ‘मौन रागम’मधलं (1986) ‘मंड्रम वंद’ अशी जोडी लावा.

आपल्या मंगेशकर भगिनींची तमिळ गाणीही याच टप्प्यात घ्या. ‘सत्या’ (1988) मध्ये लताबाई बालसुब्रमण्यमबरोबर ‘वळैयोसै’ गातात. त्या गाण्यात बांगड्यांच्या किणकिणीसारखे शब्द एकापाठोपाठ घरंगळत येतात, आणि बाई ते इतक्या सहज उचलतात की आपण थक्क होतो. आशाबाईंचं ‘शेन्बगमे’ ‘एंग ऊरु पाट्टुक्कारन’ (1987) मध्ये आहे. ते मुळात खेड्यातलं गाणं आहे, त्यामुळे पुढे इळैयराजाच्या ग्रामीण गाण्यांकडे वळायलाही सोपं जातं.

एवढं झालं की सुटी गाणी गोळा करणं थांबवा. इथून पुढे चित्रपट हे तुमचं माप. अख्खा चित्रपट घ्यायचा, त्यातली पाचसहा गाणी एकत्र ठेवायची आणि त्याच क्रमाने ऐकायची. इळैयराजा एकेका चित्रपटाला स्वतःचा वेगळा नाद देतो, आणि सुट्या गाण्यांच्या यादीत नेमकं तेच हरवतं. ‘जॉनी’ (1980) ऐकून लगेच ‘मुदल मरियादै’ (1985) लावा. एकीकडे शहरी, पाश्चात्त्य वळणाचा वाद्यमेळ, दुसरीकडे नदीकाठचं गाव. मधे पाचच वर्षं गेली आहेत.

कुठल्या काळावर भर द्यायचा ते पुढच्या टप्प्यांवरून ठरवा. पहिला चित्रपट ‘अन्नक्किळी’, 1976. शंभरावा ‘मूडुपनी’, 1980. चारशेवा ‘नायकन’, 1987. पाचशेवा ‘अंजली’, 1990. हजारावा म्हणून गाजवला गेलेला ‘तारै तप्पट्टै’ 2016 चा. म्हणजे 1980 ते 1990 या दहा वर्षांत चारशे चित्रपट, महिन्याला तीनहून जास्त. तुमच्या संग्रहाचा मोठा वाटा याच दहा वर्षांतला असणार, आणि तो तसाच असू द्या. सगळ्या दशकांना सारखी जागा देण्याचा सात्त्विक हट्ट धरू नका.

एवढ्या ढिगात वाट काढायची तर दिग्दर्शकाचा हात धरावा. गायकांप्रमाणे लावलेला संग्रह दिसायला छान दिसतो, पण ऐकायला कंटाळवाणा होतो. भारतीराजांपासून सुरू करा: ‘पदिनारु वयदिनिले’ (1977), ‘निळल्गळ’ (1980), ‘मुदल मरियादै’. पहिल्यातल्या ‘सेंदूर पूवे’साठी एस. जानकींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दुसऱ्यातल्या ‘इदु ओरु पोन मालै’ने वैरमुत्तू हा कवी चित्रपटांत आणला. मग महेंद्रन यांचे ‘मुळ्ळुम मलरुम’ (1978) आणि ‘उदिरिपूक्कळ’ (1979). मग बालु महेंद्र. शेवटी मणिरत्नम: ‘मौन रागम’, ‘नायकन’, ‘अग्नि नक्षत्रम’ (1988), ‘दळपती’ (1991). आपल्याकडचे बहुतेक लोक मणिरत्नमपासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात, म्हणून मी त्याला मुद्दाम शेवटी ठेवलं. 2002 मध्ये बीबीसीने जगभरातून मतं घेतली, तेव्हा पहिल्या दहा गाण्यांत ‘दळपती’मधलं ‘राक्कम्मा’ चौथं आलं. ते उत्तमच आहे. पण त्याच चित्रपटातलं जानकींचं ‘चिन्नत्तायवळ’ आधी ऐका.

के. बालचंदर यांचा ‘सिंधु भैरवी’ (1985) मात्र स्वतंत्र ठेवा, कारण तो अभ्यासाचा विषय आहे. संगीतासाठी इळैयराजाला आणि गायनासाठी चित्राला, दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातलं येसुदासचं ‘कलैवाणिये’ कल्याणीत आहे, म्हणजे आपल्या यमनाच्या घरातलं. पण अख्ख्या गाण्यात फक्त आरोह आहे. स्वर चढत जातात, मग नवी ओळ पुन्हा खालून सुरू होते. यमन ज्यांच्या कानात मुरलेला आहे त्यांनी पेटी घेऊन हे तपासून पाहावं. रागाच्या अंगाने जायचं असेल तर ‘अग्नि नक्षत्रम’मधलं ‘निन्नुक्कोरि वर्णम’ मोहनम म्हणजे आपल्या भूपातलं आहे, आणि ते ड्रम्सवर पळतं.

आता ऐकायचं कसं. शब्द कळत नाहीत, तर कान मोकळे आहेत. गाणं साधारण असं बांधलेलं असतं: सुरुवातीचं वाद्यसंगीत, पल्लवी (म्हणजे ध्रुवपद), मग मधलं संगीत, चरण, पुन्हा मधलं संगीत, दुसरं चरण. त्या काळच्या बऱ्याच हिंदी गाण्यांत दोन कडव्यांमधला तुकडा तोच तो पुन्हा येतो. इथे बहुतेक वेळा दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा पूर्ण वेगळा असतो. पहिल्यात व्हायोलिनांचा ताफा, तर दुसऱ्यात एकटी बासरी, आणि मधेच ताल बदलून पुन्हा जागेवर. हे सगळं इळैयराजा स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, प्रत्येक वाद्यासाठी आधी कागदावर लिहून देतो. म्हणून एकदा फक्त मधले तुकडे ऐका. नंतर एकदा फक्त बेस गिटार ऐका. ती ताल धरून बसत नाही, गायकाच्या खालून स्वतःची वेगळी चाल गात असते. ‘मूडुपनी’मधलं ‘एन इनिय पोन निलवे’ याला चांगलं. फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, तेव्हा हेडफोन लावा.

जमवायचं कुठून, हा खरा डोकेदुखीचा भाग. त्याच्या गाण्यांच्या हक्कांवरून ध्वनिमुद्रण कंपन्यांबरोबर मद्रास उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे दावे चालले. आज ॲपवर असलेला चित्रपट उद्याही तिथेच असेल असं धरून चालू नका. आवडलं ते विकत मिळत असेल तर विकत घेऊन ठेवा. तबकड्यांच्या मागे लागणार असाल तर एचएमव्ही, इनरेको आणि एको या लेबलांवर नजर ठेवा. काही एलपींवर दोन चित्रपट असतात, एका बाजूला एक. विकणारा बरेचदा गाजलेल्या चित्रपटाचंच नाव सांगतो, म्हणून उलटून पाहा. तबकडी दिव्याखाली तिरकी धरून ओरखडे बघा. बोटाच्या नखाला लागणारा ओरखडा सुईलाही लागणार, ती घेऊ नका.

कॅसेटचं दुकानी वर्गीकरणही जाणून घ्या. कंपनीची छापील कॅसेट वेगळी, आणि दुकानात यादी देऊन कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली वेगळी. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूत गावोगाव अशी भरून देणारी दुकानं होती. आवाज बेताचाच, पण त्या यादीत त्या माणसाची आवड दिसते. आमच्या शाखेतल्या कॅशियर अक्कांच्या नवऱ्याच्या अशा कॅसेटींमुळे मला ‘आयिरम मलर्गळे’ हे गाणं आणि जेन्सी या गायिकेचा आवाज कळला, जे कुठल्याही टॉप फिफ्टीत सापडलं नसतं. अशा कॅसेटी संगणकावर उतरवताना डेकच्या हेडचा कोन स्क्रू फिरवून जुळवा. झांजेचा आवाज सर्वांत टोकदार येईल तिथे थांबा. खरखर काढायचं सॉफ्टवेअर हात राखून वापरा, खरखरीबरोबर व्हायोलिनांची धारही जाते.

‘रीमास्टर्ड’ लिहिलेल्या फाइलींबद्दल माझं मत वाईट आहे. कित्येकदा त्यात वरून बेस आणि घुमारा ओतलेला असतो. सुरुवातीच्या वर्षांतली गाणी मोनोच आहेत, 1978 च्या ‘प्रिया’च्या सुमारास स्टिरिओ आला. ‘अन्नक्किळी’ दोन कानांत दोन वेगवेगळी ऐकू येत असेल तर ती कुणीतरी मागाहून केलेली कलाकारी. शिवाय दुसऱ्याच गायकांनी पुन्हा गायलेली गाणी मूळ म्हणून खपवली जातात. गायकाचं नाव दिलेलं नसेल तिथे संशय घ्या.

नावं लावताना क्रम ठेवा: वर्ष, चित्रपट, गाणं, गायक, कवी. वर्ष आधी लिहिलं की संगणक आपोआप काळानुसार रांग लावतो. इंग्रजी अक्षरांत शोधताना चिकाटी लागेल, कारण एकाच चित्रपटाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. ‘ळ’च्या जागी कधी एल येतो, कधी झेड आणि एच. दोनतीन स्पेलिंगं आलटूनपालटून टाका. आणि भागीदारीची नोंद करा. ‘मेल्ल तिरंददु कदवु’ (1986) एम. एस. विश्वनाथन आणि इळैयराजा, दोघांच्या नावावर आहे. एकट्याच्या फोल्डरमध्ये टाकलात तर तमिळ रसिक तुम्हाला सोडणार नाही.

पार्श्वसंगीताला चेन्नईत री-रेकॉर्डिंग म्हणतात, आणि ते बहुतेक तबकडीवर आलेलंच नाही. त्यासाठी चित्रपटच पाहावे लागतात. ‘मौन रागम’ आणि ‘पुन्नगै मन्नन’ (1986) यांनी सुरुवात करा, वही घेऊन बसा आणि आवडलेल्या तुकड्याची वेळ लिहा. ‘हाऊ टु नेम इट?’ (1986) हा त्यागराज आणि बाख यांना अर्पण केलेला संग्रह आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरचा ‘नथिंग बट विंड’ (1988) चित्रपटांचे नव्हेत, पण घ्याच. दोघांसाठी वेगळा फोल्डर करा. पार्श्वसंगीताचे तुकडे जमले तर तेही वेगळे ठेवा, नाहीतर शफल लावल्यावर ऐन अंगाई चालू असताना खुनाचा प्रसंग सुरू होतो.