पहिले रिकर्व्ह धनुष्य: रायझर आणि लिम्ब्स कसे निवडावेत

रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, सहसा सुटे करता येते. मधला कणखर भाग म्हणजे रायझर, जो आपण मुठीत धरतो. त्याच्या वर-खाली बसतात ते दोन लिम्ब्स, आणि त्यांच्या वाकण्यातच बाणाला पुढे फेकणारी सारी ताकद साठते. नवशिक्याने दोन्ही वस्तू एकाच दिवशी विकत घेतल्या, तरी त्या दोन वेगळ्या हिशोबांनी घ्याव्या लागतात. नीट पारखून घेतलेला रायझर अनेक वर्षे साथ देतो. लिम्ब्स मात्र पहिल्या वर्षभरातच बदलावे लागण्याची शक्यता मोठी असते, कारण शिकणाऱ्याची ताकद आणि ओढण्याची पद्धत दोन्ही झपाट्याने बदलत असतात. म्हणून खर्च करायचा तो रायझरवर करावा, आणि पहिले लिम्ब्स ओढायला हलके व साधे घ्यावेत. प्रत्यक्षात बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात आणि त्याची किंमत खांद्याला मोजावी लागते.

खरेदीची घाई करू नये. पहिले सहा-आठ आठवडे प्रशिक्षण केंद्रातले धनुष्य वापरावे. कोणत्या हाताचे धनुष्य घ्यायचे हेही या काळात पक्के होते. उजव्या हाताचा रायझर म्हणजे डाव्या हातात धरून उजव्या हाताने दोरी ओढण्याचा रायझर. नावावरून नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. दोन्ही तळवे पुढे धरून त्यांच्यामध्ये छोटा त्रिकोण करावा, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी, आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना वस्तू त्रिकोणातच राहते तो प्रबळ डोळा, आणि शक्यतो त्याच बाजूच्या हाताने दोरी ओढावी.

त्यानंतर ओढीची लांबी, म्हणजे ड्रॉ लेंथ मोजावी. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत घ्यायचे आणि त्याला अडीचने भागायचे, हा ढोबळ अंदाज झाला. खरे माप धनुष्यावरच मिळते. हलक्या धनुष्यावर लांब बाण लावून पूर्ण ओढ घ्यावी, हात हनुवटीखाली नेहमीच्या जागी टेकवावा, आणि रायझरवरच्या प्लंजरच्या (बाणाला बाजूने आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीच्या) छिद्रासमोर बाणावर दुसऱ्याने पेनाने खूण करावी. बाणाच्या खाचेच्या तळापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर अधिक पावणेदोन इंच, ही आपली ड्रॉ लेंथ. हे माप निदान तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यावे, कारण सुरुवातीला खांदे आखडलेले असतात आणि पाठ उघडू लागली की हेच माप इंचभर वाढलेले दिसते.

या मापावरून धनुष्याची एकूण लांबी ठरते. रायझर मुख्यतः २३, २५ आणि २७ इंचांचे मिळतात, तर लिम्ब्स शॉर्ट, मीडियम आणि लाँग अशा तीन मापांत येतात. २५ इंची रायझरवर शॉर्ट लिम्ब्सनी ६६, मीडियमनी ६८ आणि लाँगनी ७० इंची धनुष्य तयार होते. २३ इंची रायझरवर प्रत्येक माप दोन इंचांनी कमी, २७ इंचीवर दोन इंचांनी जास्त. ओढ २६ इंचांपर्यंत असेल तर ६६, २६ ते २८ असेल तर ६८, आणि त्यापुढे ७० इंची धनुष्य सर्वसाधारणपणे योग्य ठरते. दोन मापांच्या सीमेवर असाल तर मोठे घ्यावे. लांब धनुष्यात दोरीचा बोटांवरचा कोन कमी टोकदार राहतो आणि चिमटा कमी बसतो. अजून उंची वाढत असलेल्या मुलांचा अपवाद सोडला, तर बहुसंख्य प्रौढांनी २५ इंची रायझरच घ्यावा, कारण पुढे फक्त लिम्ब्स बदलून तिन्ही मापे हाताशी राहतात.

रायझर घेताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न म्हणजे त्याची लिम्ब बसवण्याची पद्धत आयएलएफ (इंटरनॅशनल लिम्ब फिटिंग) आहे का. ही पद्धत अनेक कंपन्यांनी स्वीकारलेली आहे, त्यामुळे एका कंपनीच्या रायझरवर दुसऱ्या कंपनीचे लिम्ब्स बसतात. लिम्बच्या मुळाशी असलेली धातूची कळ खोबणीत सरकवली की ‘खट्’ असा बारीक आवाज येतो. तो आल्याशिवाय दोरी चढवू नये. होइट कंपनीची फॉर्म्युला ही बैठक वेगळी आहे आणि तिचे लिम्ब्स आयएलएफ रायझरवर बसत नाहीत. लाकडी रायझरला स्क्रूने घट्ट करायचे लिम्ब्स शिकायला चांगले असले, तरी त्यांत ओढीचे वजन, म्हणजे दोरी ओढताना बोटांवर येणारा भार, कमी-जास्त करण्याची सोय सहसा नसते.

रायझरचा धातू, रंग आणि आकार यांवर तासन्‌तास चर्चा होते, पण पहिल्या खरेदीसाठी ॲल्युमिनियमचा रायझर पुरेसा आहे. त्याचे वजन साधारण एक ते सव्वा किलो भरते. पुढे साईट (नेम धरण्याचे साधन) आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे) चढले की सगळे मिळून दोन किलोच्या वर जाते, हे आधीच लक्षात घ्यावे. कार्बनचा रायझर हलका असतो, पण नवशिक्याला त्याची गरज नाही. मुठीकडे मात्र बारकाईने पाहावे. हात सैल सोडून अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा मुठीवर टेकवावा. बोटे न आवळता धनुष्य तिथेच स्थिर राहिले पाहिजे. मूठ बदलता येत असेल तर उत्तम. लिम्ब्स डावी-उजवीकडे सरळ करण्याची सोय आहे का, हेही विचारावे. ती नसलेल्या रायझरवर लिम्ब जरा तिरका बसला, तर हाती फारसा उपाय राहत नाही.

आता लिम्ब्सच्या ओढीच्या वजनाचा प्रश्न, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. लिम्बवर छापलेला २४ पौंड हा आकडा २५ इंची रायझरवर, २८ इंच ओढीला मोजलेला असतो. ओढ एक इंचाने कमी झाली की सुमारे दोन पौंड कमी होतात, वाढली की तेवढेच वाढतात. म्हणजे २६ इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर त्याच लिम्ब्सचे २० पौंडच येतात, तर ३० इंच ओढणाऱ्याला २८ पौंड पेलावे लागतात. अनेक लिम्ब्सच्या मुळाशी दोन आकडे छापलेले आढळतात, उदाहरणार्थ ६८ इंचांना २४ आणि ६६ इंचांना २६. तेच लिम्ब्स २३ इंची रायझरवर लावले तर ते दोन पौंडांनी जड होतात, एवढाच त्याचा अर्थ.

प्रौढ व्यक्तीने बोटांवर प्रत्यक्ष १८ ते २४ पौंड येतील असे, आणि मुलांनी १४ ते १८ पौंडांचे लिम्ब्स घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे आकडे अनेकांना अपमानास्पद वाटतात. मलाही वाटले होते. मी पहिलेच लिम्ब्स ३४ पौंडांचे घेतले, कारण दुकानात एकदा ओढून पाहिल्यावर ते ‘जमले’ होते. चाळीस बाणांनंतर धनुष्याकडचा खांदा कानाकडे चढू लागला, दोरी हनुवटीला टेकण्याआधीच सुटू लागली, आणि तीन महिन्यांत लागलेली ती सवय मोडायला त्याहून कितीतरी जास्त काळ गेला. एकदा ओढता येणे आणि साठ वेळा तसेच ओढता येणे यांत फार मोठे अंतर आहे.

म्हणून परीक्षा अशी घ्यावी. पूर्ण ओढ घेऊन, बाण न सोडता, मनात दहा आकडे मोजावेत आणि दोरी हळूच परत आणावी. मोकळी दोरी कधीही सोडू नये, त्याने लिम्ब फुटू शकतो. मोजत असताना बाणाचे टोक थरथरू लागले, श्वास कोंडला किंवा खांदा वर सरकला, तर वजन जास्त आहे. हीच परीक्षा सरावाच्या शेवटी पुन्हा घ्यावी, आणि निकाल मानायचा तो दुसऱ्या परीक्षेचा. पुढे वजन वाढवताना एका वेळी दोन ते चार पौंडच वाढवावेत.

लिम्ब्स कशाचे असावेत याला या टप्प्यावर थोडेच महत्त्व आहे. लाकडी गाभा आणि बाहेरून फायबरग्लास असलेले लिम्ब्स पहिल्या वर्षासाठी अगदी योग्य असतात. फोमचा गाभा आणि कार्बनचे थर असलेले लिम्ब्स बाणाला अधिक वेग देतात, पीळ कमी खातात, आणि ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यावर बाण पोहोचवताना तो फरक जाणवतो. १८ मीटरवर शिकताना तो जाणवत नाही.

वापरलेली वस्तू घ्यायला हरकत नाही, उलट पहिल्या लिम्ब्ससाठी तोच मार्ग शहाणपणाचा आहे. लिम्बच्या दोन्ही कडांवरून कापसाचा बोळा हळूहळू फिरवावा. कुठे तंतू अडकला तर तिथे थर सुटू लागला आहे असे समजावे आणि तो लिम्ब नाकारावा. रायझरमध्ये लिम्बच्या खोबणीजवळ चीर आहे का, प्लंजर आणि साईटच्या छिद्रांचे आटे झिजले आहेत का, लिम्ब्स धरून ठेवणारे बोल्ट सहज फिरतात का, हे पाहावे. शेवटी स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोरी चढवायला मदत करणारी जादा दोरी) वापरून दोरी चढवावी, धनुष्य खुर्चीच्या दोन हातांवर आडवे टेकवावे आणि मागून एक डोळा मिटून पाहावे. दोरी दोन्ही लिम्ब्सच्या मधोमध आणि रायझरच्या मध्यरेषेवरून जाताना दिसली पाहिजे. एखादा लिम्ब टोकाशी वळलेला दिसला तर सौदा मोडावा.

आयएलएफ रायझरच्या बोल्टांनी लिम्ब्सचे वजन सुमारे दहा टक्के कमी-जास्त करता येते, म्हणजे २४ पौंडांच्या जोडीवर साधारण दोन पौंडांची मुभा मिळते. सुरुवात कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत बोल्ट बाहेर ठेवून करावी, दर काही आठवड्यांनी दोन्ही बोल्ट सारखेच आत फिरवावेत, आणि ही मुभा संपल्यावरच पुढच्या लिम्ब्सचा विचार करावा. दोरी धनुष्याच्या लांबीप्रमाणे मागावी. लिम्बची टोके वेगवान दोरीसाठी मजबूत केलेली आहेत असे कंपनीने लिहिलेले नसेल, तर डॅक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणली जाणारी पॉलिस्टरची दोरी घ्यावी.

बाण मात्र सर्वांत शेवटी घ्यावेत. नव्या लिम्ब्सवर आपल्या ओढीला किती पौंड येतात ते तराजूने मोजल्याखेरीज बाणाची ताठरता ठरवता येत नाही, आणि लिम्ब्सच्या आधी घेतलेले बाण बहुधा तसेच पडून राहतात.