डेड सी स्क्रोल्सवरचं पहिलं पुस्तक घेताना या चुका टाळा

मुखपृष्ठावर ‘चर्चने दडवलेलं सत्य’ असं काही लिहिलेलं दिसलं तर ते पुस्तक निदान पहिलं म्हणून घेऊ नका. डेड सी स्क्रोल्स म्हणजे मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेली प्राचीन ज्यू हस्तलिखितं, आणि त्यांत येशू ख्रिस्ताचा उल्लेखच नाही. ती प्रकाशित व्हायला दशकं लागली, कारण चौथ्या गुहेत हजारो तुकडे निघाले आणि ते मोजक्याच अभ्यासकांच्या ताब्यात राहिले. ही मक्तेदारी वाईटच होती, पण तो व्हॅटिकनचा कट नव्हता. १९९१ मध्ये हंटिंग्टन लायब्ररीने हस्तलिखितांची छायाचित्रं सर्वांना खुली केली आणि ही मक्तेदारी मोडली.

म्हणून आवृत्तीचं साल आधी बघा. गेझा व्हर्मेश यांचा इंग्रजी अनुवाद पहिल्यांदा १९६२ मध्ये आला, १९९७ ची आवृत्ती त्याहून कितीतरी मोठी आहे. रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळते ती बहुधा जुनी प्रत असते. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमधले सगळे १६ तुकडे बनावट असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, हेही त्याआधीच्या पुस्तकांत सापडणार नाही.

हस्तलिखितं एसीन या प्राचीन ज्यू पंथाची होती, हे मत बरेच अभ्यासक मानतात, पण सगळे नाही. जे पुस्तक दुसरी बाजू न सांगता ते सिद्ध झाल्यासारखं मांडतं, ते बाजूला ठेवा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते थेट अनुवादात उडी मारल्याने. ४क्यू१६९ ही नहूम या संदेष्ट्याच्या ग्रंथावरची टीका, म्हणजे भाष्य. ४ म्हणजे चौथी गुहा, क्यू म्हणजे कुमरान, पुढे अनुक्रमांक. तिच्यात यावान म्हणजे ग्रीसच्या एका राजाचं नाव येतं, पण सुरुवातीची अक्षरं फाटून गेली आहेत, उरलंय फक्त ‘ट्रोस’सारखं शेपूट. अनुवादात ‘[डेमे]ट्रियस’ छापलेलं असतं. चौकटी कंसातलं सगळं अभ्यासकांनी भरलेलं आहे, हे माहीत नसलेला वाचक अंदाजालाच मूळ मजकूर समजून बसतो.

त्यामुळे आधी जेम्स व्हँडरकॅम यांचं ‘द डेड सी स्क्रोल्स टुडे’ घ्या, तेही २०१० ची दुसरी आवृत्ती. ते वाचून झालं की व्हर्मेश. सोबत लिऑन लेव्ही डिजिटल लायब्ररीवर त्या-त्या तुकड्याचं छायाचित्र उघडून ठेवा. फुकट बघता येतं, आणि कंस कुठे पडलेत ते डोळ्यांनी दिसतं.