मॉडर्निस्ट साइडबोर्ड घेताय? आधी आतून मोजा

साइडबोर्ड, म्हणजे जेवणाच्या खोलीत भिंतीला लावायचं लांब, बैठं कपाट, बघायला गेलं की सगळे बाहेरूनच बघतात, रंग काय, पाय कसे, हँडल कसलं, आणि घरी आणल्यावर कळतं की मोठी प्लेट आत ठेवली तर दारच लागत नाही. माझंही पहिल्या वेळी हेच झालं होतं, म्हणून आता कुणीही विचारलं की मी आधी सांगते, जे जे आत जाणार आहे ते सगळं जमिनीवर काढा. प्लेट, बाऊल, टेबलक्लॉथ, उंच बरण्या, चार्जरची गुंतवळ, सगळंच. त्यातली सर्वात रुंद आणि सर्वात उंच वस्तू टेपने मोजा आणि हे दोन आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

का, तर बाहेरून 45 सेंमी खोल असलेला साइडबोर्ड आतून 45 नसतो. मागची फळी, दाराची जाडी हे सगळं त्यातूनच जातं आणि सरकती दारं असतील तर अजूनच, कारण एक दार दुसऱ्याच्या मागे जाणार म्हणजे दोन दारांची जाडी आणि मधली फट धरून चारेक सेंमी तिथेच गेले. दुकानात आत टेप घालून मोजायला अजिबात लाजू नका.

मग तो ठेवायची जागा. उंची साधारण 75 ते 90 सेंमी असते, डायनिंग टेबल 75 च्या आसपास असतं त्यामुळे टेबलाइतकी किंवा जराशी जास्त उंची बरी पडते, वाकावं लागत नाही. लांबी 120 पासून 200 पर्यंत मिळते. पण खरी गोची खोलीतल्या मोकळ्या जागेची असते. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून साइडबोर्डच्या मापाचा कागद करा, तो जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. खुर्ची मागे ओढा, कुणालातरी बसवा, मागून चालून बघा. टेबलाच्या कडेपासून साइडबोर्डपर्यंत 90 सेंमी तरी मोकळे हवेत, त्याच्या खाली गेलात तर बसलेल्या माणसाला रोज उठवावं लागेल. जागा तंगच असेल तर बाहेर उघडणाऱ्या दारांचा नाद सोडा, सरकती दारं घ्या. आत थोडी जागा गेली तरी चालेल.

नावांचा फार घोळ घालू नका. बुफे बहुतेक जरा उंच, साइडबोर्ड लांब आणि बुटका, आणि क्रेडेन्झा हा मूळचा इटालियन शब्द ऑफिसातल्या बैठ्या कपाटाला पण लावतात. दुकानदार काहीही नाव देतात, तुम्ही माप बघा.

आता मॉडर्निस्ट म्हणजे नेमकं काय, तर नक्षी काढून टाकलेलं साधं, सरळ रेषांचं डिझाइन, कारण चार तिरके पाय लावले की मॉडर्न असं होत नाही. आधीचे बुफे म्हणजे कोरीवकाम, आरसे, वर कमान. 1867 च्या सुमारास इंग्लंडमध्ये गॉडविन या डिझायनरने जपानी वस्तूंवरून काळ्या रंगाचा साइडबोर्ड केला ज्यात नुसते उभे आडवे दांडे आणि पेट्या, नक्षी जवळजवळ नाहीच. मग 1919 ला जर्मनीत बाउहाउस ही डिझाइनची शाळा सुरू झाली, 1925 ला पॅरिसच्या प्रदर्शनात ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टने एकाच मापाच्या पेट्या जोडून भिंतीसारखं कपाट मांडलं, आणि 1961 ला अमेरिकन डिझायनर फ्लोरेन्स नोलचा स्टीलच्या पायांवरचा लांब क्रेडेन्झा आला. हे सांगायचं कारण एवढंच की नक्षी गेली म्हणजे चुका झाकायला काहीच उरलं नाही, सगळी मदार लाकडाच्या रेषा, फटी आणि सांधे यांवरच. त्यामुळे तेच तपासायचं.

तर चार पावलं मागे जा आणि समोरून रेषा बघा. चांगल्या कामात व्हीनियरची, म्हणजे वर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ थराची, रेषा एका दारावरून दुसऱ्यावर सलग जाते, पूर्ण दर्शनी भाग एकाच लाकडातून कापल्यासारखा दिसतो. प्रत्येक दारावर रेषा वेगळ्याच दिशेला पळत असेल तर समजा घाईत लावलंय. आणि व्हीनियर म्हणजे नकली हा गैरसमज आधी काढून टाका, रुंद दार अखंड लाकडाचं केलं तर हवा बदलली की फुगतं, वाकतं. चांगल्या प्लायवर किंवा एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) व्हीनियर लावलेलं दार सरळ राहतं.

मग खाली वाका आणि पोटाखालून बघा. 150 सेंमीच्या पुढे लांबी असेल तर मधे एक आधाराचा पाय किंवा खालून लोखंडी पट्टी हवीच, नाहीतर दोनेक वर्षांत मधोमध झोळ येतो आणि सरकती दारं अडकायला लागतात.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात पंख्यासारखे एकात एक अडकलेले दात दिसले तर तो डव्हटेल सांधा, ओढाताण झाली तरी सुटत नाही. नुसते खिळे किंवा स्टेपल दिसले तर जड सामान त्यात भरू नका.

पट्ट्यांचं गुंडाळत जाणारं दार, म्हणजे टॅम्बूर, मला स्वतःला सगळ्यात आवडतं. बारीक लाकडी पट्ट्या मागे कॅनव्हासवर चिकटवलेल्या असतात आणि खाचेतून वळत कोपऱ्यात जातात. हे दार दोन बोटांनी ढकलून बघा, मधेच झटका बसला तर कापड सुटलंय किंवा खाचेत घाण आहे. खाचेत तेल घालू नका, धूळ धरून ठेवतं. साधी मेणबत्ती घासा, लगेच फरक कळेल.

जुना घेत असाल आणि तो रोझवुडचा आहे म्हणून सांगितलं तर कागद मागा. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून साइट्स (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या सगळ्यात कडक यादीत आहे, एका देशातून दुसऱ्या देशात नेताना परवाना लागतो. सागवान किंवा अक्रोड असेल तर ही कटकट नाही.

घरी आणल्यावर ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. लहान मुलं असतील तर उंच बुफे भिंतीला पट्टीने बांधाच. वर टीव्ही ठेवणार असाल तर मागच्या फळीला वायरसाठी भोक आधीच पाडून घ्या. शेवटी वर पाणसळ ठेवा, फरशी कुठेच अगदी सपाट नसते, जो पाय लटकतोय त्याच्याखाली पातळ प्लायचा तुकडा सरकवा आणि दारांकडे बघत रहा, दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली की मगच सामान भरायला घ्या.