कार्पेटवर टाकलेला गालिचा सरकतोय, फुगतोय? या चुका टाळा

अमेरिकेत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये पुष्कळदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट असतं, आणि तेही फिकट रंगाचं. त्यावर डाग पडू नयेत किंवा हॉलला जरा रंग यावा म्हणून आपण गालिचा टाकतो. थोड्याच दिवसांत तो तिरका होतो आणि मधोमध सुरकुती उठते. गालिचा हलक्या दर्जाचा निघाला असं वाटून दुसरा आणला जातो, तोही तसाच वागतो.

याचं कारण खालच्या मऊपणात आहे. कार्पेटखाली फोमचा थर असतो. पाऊल पडलं की तो दबतो, उचललं की पुन्हा वर येतो. शिवाय कार्पेटच्या लवेला, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांना, एका बाजूला कल असतो. प्रत्येक पावलागणिक गालिचा त्या कलाकडे केसभर ढकलला जातो. कार्पेटवरून हात फिरवून बघा. ज्या दिशेने स्पर्श गुळगुळीत लागतो, गालिचा साधारण त्याच दिशेने चालत जातो. खात्री करायची असेल तर गालिच्याच्या कडेला दोन-चार दिवस मास्किंग टेपचा तुकडा खूण म्हणून लावून ठेवा.

ही दिशा न बघताच सोफा ठेवणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. गालिचा खिडकीकडे सरकतो आणि सोफ्याचे पायही खिडकीकडच्या कडेवरच आहेत असं समजा. पुढची कड अडकलेली, मागचा भाग मात्र मोकळा. तो मागून येत राहतो आणि सोफ्यापुढे फुगवटा तयार होतो. वजन मागच्या कडेवर हवं, म्हणजे गालिचा जिथून निघतो तिथे. तिथे सोफा किंवा पुस्तकांचं जड कपाट ठेवा, पुढची कड मोकळी सोडा. दोन्ही कडांवर वजन द्यायचं असेल तर आधी गालिचा नीट ताणून घ्या. आणि सोफा हलवताना उचला. ओढत नेला तर गालिचाही सोबत येतो.

दुसरी चूक पॅडची, म्हणजे गालिच्याखाली घालायच्या थराची. दुकानात स्वस्तात मिळणारी जाळीदार रबरी पॅड लाकडी किंवा टाइल्सच्या फरशीसाठी असतात. पुण्या-मुंबईच्या घरात ती उत्तम काम देतील, कारण तिथे रबराला धरायला सपाट पृष्ठभाग मिळतो. कार्पेटच्या लवेवर त्यांना पकड मिळत नाही. पॅड घेताना ‘कार्पेटवर वापरण्यासाठी’ असं पाकिटावर लिहिलेलं बघूनच घ्या. ते पातळ, दाट आणि दोन्ही बाजूंनी किंचित चिकट असतं. जाड, गुबगुबीत पॅडचा मोह टाळा. आधीच मऊ असलेल्या जमिनीवर आणखी मऊ थर दिला तर सुरकुत्या वाढतात. पॅड चारही बाजूंनी एकेक इंच लहान कापा: ८ बाय १० फुटांच्या गालिच्याला ७ फूट १० इंच बाय ९ फूट १० इंच.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचं मला फारसं कौतुक नाही. लवेतले तंतू चिकटले की तिची पकड जाते, आणि काढताना मागे राहणाऱ्या गोंदावर धूळ बसून काळा पट्टा उमटतो. घर सोडताना डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापले जाऊ शकतात. टाचण्या आणि खिळे तर नकोतच, विशेषतः घरात रांगणारं मूल असेल तर.

भारतातून बॅगेत घालून आणलेली सुती सतरंजी कार्पेटवर टाकू नका असं मी म्हणणार नाही, पण वर्दळीच्या वाटेवर नको. ती हलकी आणि लवचीक, त्यामुळे पलंगपोसासारखी गोळा होते. दिवाणाखाली अर्धी सरकवून ठेवली तर छान राहते. रोजच्या वाटेवर जड, ताठ पाठीचा, आखूड लवेचा गालिचाच टिकतो.

घडी घालून आलेल्या गालिच्याचे कोपरे वर वळत असतील तर तो एक-दोन दिवस उलट बाजूने गुंडाळून ठेवा, मग पसरून कोपऱ्यांवर जड पुस्तकं ठेवा. इस्त्री फिरवण्याआधी मागचं लेबल वाचा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, त्यामुळे त्याला इस्त्री लावूच नका. व्हिस्कोसला पाणीसुद्धा सोसत नाही, डाग पडतात.

एवढं करूनही लाट तशीच राहिली तर गालिचा उचलून खालचं कार्पेट बघा. ते भिंतीकडेला खिळ्यांच्या पट्ट्यांवर ताणून बसवलेलं असतं आणि वर्षानुवर्षांच्या वापराने सैल पडतं. अशा वेळी वर कोणतंही पॅड टाकून उपयोग नाही. फोटो काढून घरमालकाला कळवा. कार्पेट यंत्राने पुन्हा ताणून घेता येतं.

आई-बाबा राहायला येणार असतील तर ते पोचण्यापूर्वीच हे सगळं उरका. पडणं टाळण्यासाठी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने ज्येष्ठांना दिलेल्या सूचनांमध्ये सुटे गालिचे काढून टाका किंवा घट्ट बसवा असं स्पष्ट म्हटलं आहे. रात्री बाथरूमला जायच्या वाटेवर आणि दाराच्या तोंडाशी गालिचा ठेवूच नये, कितीही घट्ट बसवलेला असला तरी.

चहा किंवा वरण सांडलं तर वरून पुसून थांबू नका. गालिचा, पॅड आणि कार्पेट तिन्ही वेगळे करून पूर्ण वाळवा, नाहीतर मधे ओल धरून कुबट वास येतो. गडद लाल किंवा निळा गालिचा नवा असेल तर अंथरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने त्याचा एक कोपरा चोळून बघा. फडक्याला रंग लागला, तर तो फिकट कार्पेटवर टाकू नका.